थॉमस कॅव्हरहिल जर्डन

थॉमस कॅव्हरहिल जर्डन (१२ ऑक्टोबर, १८११ – १२ जून, १८७२) हे ब्रिटिश शल्यचिकित्सक व निसर्गअभ्यासक होते. मद्रास लष्कराच्या वैद्यकीय सेवेत असताना त्यांचे काही काळ जालना येथे वास्तव्य होते. भारतातील पक्ष्यांवरील ग्रंथांमुळे ते विशेष प्रसिद्ध आहेत. दक्षिण भारतातील मुंग्यांची त्यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली सूची ही भारतीय मुंग्यांच्या अभ्यासातील आरंभीची महत्त्वाची कृती मानली जाते. तिच्यात प्रथमच वर्णन झालेली उडी मारणारी मुंगी आज जगभरातील प्रयोगशाळांत आणि हौशी अभ्यासकांच्या घरी पाळली जाते.

सुरुवातीचे जीवन

जर्डन यांचा जन्म इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात बिडिक हाऊस येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे स्कॉटलंडच्या सीमाभागातील होते. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि तेथेच रॉबर्ट जेम्सन यांच्या निसर्गेतिहासाच्या वर्गांना ते उपस्थित राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून फेब्रुवारी १८३६ मध्ये ते भारतात आले. गंजाम भागातील सैनिकांमध्ये पसरलेल्या ताप व हगवणीवर उपचार करणे हे त्यांचे पहिले काम होते.

जालना येथील काळ

मार्च १८३७ मध्ये त्यांची नेमणूक मद्रासच्या दुसऱ्या हलक्या घोडदळ पलटणीत झाली. त्रिचनापल्लीनंतर त्यांनी दख्खनचा प्रवास केला आणि ते जालना येथे आले. कुंडलिका नदीकाठचे हे गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते व तेथे कंपनीच्या फौजेची छावणी होती. छावणीभोवतीची गवताळ माळराने, खडकाळ टेकड्या व शेते ही जर्डन यांच्यासाठी निरीक्षणाची भूमी ठरली. पुढे लिहिलेल्या पक्षिविषयक ग्रंथांत जालन्याचा उल्लेख स्थळ म्हणून वारंवार आढळतो. दख्खनच्या पक्ष्यांची एक सूची कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांनी १८३२ मध्येच प्रसिद्ध केली होती. जर्डन यांच्या निरीक्षणांनी तीत मोठी भर घातली.

याच पर्वात त्यांना एक कटू अनुभव आला. गोळा केलेले पक्ष्यांचे नमुने त्यांनी ओळख पटवून घेण्यासाठी स्कॉटलंडमधील सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठविले. तेथे पोहोचेपर्यंत त्या नमुन्यांना कसर लागली होती. यानंतर जर्डन यांनी परक्या संग्रहालयांवर विसंबणे सोडले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे लिहिण्यास सुरुवात केली. द्वीपकल्पातील पक्ष्यांची त्यांची सूची मद्रास येथील साहित्य व विज्ञानविषयक नियतकालिकात १८३९-४० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. जिवंत प्राण्याच्या सवयी नोंदविण्याची ही पद्धत पुढे मुंग्यांच्या बाबतीत निर्णायक ठरली.

मुंग्यांचा अभ्यास

जुलै १८४१ मध्ये जर्डन यांचा विवाह फ्लोरा मॅकलिओड यांच्याशी झाला. पुढे ते नेल्लोर येथे व १८४७ पासून मलबारातील तेलीचेरी येथे नागरी शल्यचिकित्सक होते. तेलीचेरीच्या काळात, १८५१ मध्ये, दक्षिण भारतातील मुंग्यांची सूची त्याच मद्रासच्या नियतकालिकात आली.

मुंग्यांच्या वर्गीकरणाची चौकट त्या वेळी अपुरी होती. अमेरिका खंडात पाने कापून वारुळात नेणाऱ्या आणि त्यांवर बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्या आढळतात. त्यांच्यासाठी अट्टा व इकोडोमा ही वंशनामे वापरली जात. इकोडोमा या ग्रीक नावाचा अर्थ घर बांधणारी असा होतो. अशा मुंग्या भारतात नाहीत. बुरशी पिकविण्याचे काम येथे वाळवीच्या काही जाती करतात. तरीही पुण्यातील गवताचे बी साठविणाऱ्या मुंगीला साईक्स यांनी १८३५ मध्ये अट्टा वंशात घातले होते. जर्डन यांनीही आपल्या अनेक मुंग्या इकोडोमा या नावाखालीच नोंदविल्या. त्यांपैकी एक जाती आज कॅरेबारा डायव्हर्सा म्हणून ओळखली जाते. तिच्या सर्वांत मोठ्या कामकरी मुंगीचे वजन सर्वांत लहान मुंगीच्या सुमारे ५०० पट असू शकते. पानकाप्या मुंग्यांशी तिचे निकटचे नाते नाही, हे नंतरच्या संशोधकांनी स्पष्ट केले.

एका मुंगीसाठी मात्र उपलब्ध नावांपैकी कोणतेही नाव पुरेसे नव्हते. तिचे मोठे डोळे डोक्याच्या पुढच्या भागात असतात आणि लांब जबडे वर वळलेले असतात. तिच्यासाठी जर्डन यांनी हार्पेग्नॅथॉस हा नवा वंश निर्माण केला. या नावाचा अर्थ विळ्यासारखा जबडा असलेली. सॉल्टेटर, म्हणजे उडी मारणारी, हे तिचे जातिनाम. ती डिवचल्यावर उडी घेते, तिचा डंख तीव्र असतो, वारूळ जमिनीखाली, बहुधा झाडाच्या मुळांजवळ असते, वसाहत लहान असते आणि ती कीटकांना जिवंत पकडते, अशा नोंदी त्यांनी केल्या.

नमुने व नोंदी

नव्या जातीचे वर्णन ज्या नमुन्यांवरून केले जाते त्यांना प्ररूप नमुने म्हणतात आणि पुढील सर्व तुलना त्यांच्याशी केली जाते. जर्डन यांच्या मुंग्यांचे प्ररूप नमुने कोणत्याही संग्रहालयात उपलब्ध नाहीत. जेथे त्यांचे वर्णन केवळ रंग व आकारापुरते होते, तेथील काही नावे कोणत्या मुंगीची हे ठरविणे नंतर अशक्य झाले. जेथे त्यांनी चाल, वारूळ व भक्ष्य यांचीही नोंद केली, तेथे नाव टिकले. चार्ल्स बिंगहॅम यांनी ब्रिटिश भारतातील प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेच्या १९०३ मधील खंडात जर्डन यांच्या या नोंदींचा आधार घेतला.

पाळलेल्या वसाहती

जर्डन यांनी टिपलेली वसाहतीची लहान संख्या हीच पुढे या मुंगीच्या पालनाला सोयीची ठरली. पानकाप्या मुंग्यांच्या वसाहतीला रोज ताजी पाने व जोपासलेली बुरशी लागते. एकुलती राणी मेली की वसाहत संपते. हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटरची वसाहत प्लास्टरचा ओलसर तळ असलेल्या, काचेने झाकलेल्या पेटीत राहू शकते. तिला जिवंत रातकिडे खाद्य म्हणून दिले जातात. राणी मेल्यास कामकरी मुंग्या शृंगिकांनी एकमेकींशी दीर्घकाळ झुंजतात. विजयी ठरलेल्या काही जणी अंडी घालू लागतात आणि वसाहत पुढे चालते.

क्रिश्चन पीटर्स, बर्ट होल्डोब्लर, मार्क मॉफेट व मुश्ताक अली यांनी १९९४ मध्ये या मुंगीच्या भुयारी वारुळाची गुंतागुंतीची रचना प्रसिद्ध केली. ज्या मुंग्यांचा जनुकसंच सर्वप्रथम उलगडला गेला त्यांत २०१० मध्ये तिचा समावेश झाला. अंडी घालू लागलेल्या कामकरी मुंगीचा मेंदू लक्षणीय प्रमाणात लहान होतो आणि तिला पुन्हा कामकरी स्थितीत आणल्यास तो पूर्ववत वाढतो, असे २०२१ मध्ये दाखविण्यात आले. पाळलेल्या वसाहतींवाचून हे संशोधन शक्य नव्हते.

उत्तरायुष्य व मृत्यू

१८५२ मध्ये जर्डन सागर येथील चौथ्या हलक्या घोडदळ पलटणीत रुजू झाले आणि १८५७ च्या उठावाच्या काळातही तेथेच सेवेत होते. पुढे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी त्यांना ग्रंथलेखनासाठी विशेष कामगिरीवर नेमले. भारतातील पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात, तर सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६८ मध्ये ते निवृत्त झाले. आजारपणामुळे १८७० मध्ये ते इंग्लंडला परतले आणि १२ जून, १८७२ रोजी लंडनजवळील अपर नॉरवूड येथे त्यांचे निधन झाले.

नामस्मरण

जर्डनचा धाविक हा पूर्व घाटातील दुर्मीळ पक्षी त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९०० नंतर तो नामशेष झाल्याचे मानले गेले होते. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा आढळला. काही सरडे व सापांच्या शास्त्रीय नावांतही जर्डन यांचे नाव आहे. हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर या मुंगीच्या शास्त्रीय नावापुढे वर्णनकर्ता म्हणून जर्डन व १८५१ हे वर्ष लिहिले जाते.