मीराबेन आणि मातीचे घर

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर सेवाग्राम आहे. तेथील आश्रमाच्या अंगणात एक बुटके मातीचे घर आहे. बांबू, माती, लाकूड आणि कवेलू एवढ्याच सामानातून ते उभे राहिले आहे. कवेलू म्हणजे भाजलेल्या मातीची कौले. उर्दूत आपण त्यांच्या छपराला खपरैल म्हणतो. या घराचे नाव बापूकुटी. महात्मा गांधी येथे राहत होते आणि देशाचे मोठमोठे नेते येथे जमिनीवर बसून त्यांच्याशी बोलत होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हे घर मुळात गांधीजींसाठी बांधलेच नव्हते, हे फार थोड्यांना माहीत असते. ते बांधून घेतले होते इंग्लंडच्या आरमारातील एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलीने. त्यांचे नाव मॅडेलीन स्लेड. भारत त्यांना मीराबेन या नावाने ओळखतो.

मॅडेलीन यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे बालपण आजोबांच्या खेड्यातील मोठ्या घरात गेले. घोडे, झाडे आणि पक्षी यांच्यात त्या रमत. वडिलांची नेमणूक हिंदुस्थानात झाली, तेव्हा त्या काही काळ मुंबईतही राहिल्या होत्या. पण तेव्हाची मुंबई म्हणजे त्यांच्यासाठी साहेबांच्या मेजवान्या. खरा हिंदुस्थान त्यांना दिसलाच नाही.

त्यांना संगीताचे वेड होते. बीथोव्हन या जर्मन संगीतकाराच्या रचनांनी त्यांना झपाटले होते. बीथोव्हनविषयी वाचता वाचता त्या रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकापर्यंत पोहोचल्या. रोलाँ यांनी तेव्हा गांधीजींवर एक पुस्तक लिहिले होते. ते वाचल्यावर मॅडेलीन यांचे मन ठरले. मात्र त्या लगेच निघाल्या नाहीत. एक वर्ष त्यांनी स्वतःला तयार केले. सूत कातणे, जमिनीवर मांडी घालून बसणे, जमिनीवर झोपणे, मांस आणि मद्य सोडणे, हे सारे त्यांनी घरीच सुरू केले. आणि तुम्हांला ऐकून आनंद होईल, त्या लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांकडून उर्दू शिकू लागल्या! ७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या साबरमती आश्रमात आल्या. गांधीजींनी त्यांना मीरा हे नाव दिले. त्यांनी केस कापून टाकले आणि खादीची पांढरी साडी नेसली.

पुढील दहा वर्षे धावपळीची गेली. खादीचा प्रचार, १९३१ मधील गोलमेज परिषदेसाठी गांधीजींबरोबर लंडनचा प्रवास, मग तुरुंगवास, पुन्हा काम. १९३४ नंतर गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहू लागले. मगनवाडीजवळ सिंदी नावाची वस्ती होती. तेथील रस्ते घाणीने भरलेले असत. मगनवाडीतील मंडळी सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन तेथे सफाईला जात. मीराबेन त्यांत होत्याच. लोक बघत उभे राहत, पण आपली सवय काही लवकर सोडत नसत. मीराबेनना वाटू लागले की, बाहेरून येऊन सफाई करून जाण्याने खेडे बदलत नाही. खेड्यातच राहायला हवे.

म्हणून त्यांनी शेगाव निवडले. बुलढाणा जिल्ह्यातील प्रसिद्ध शेगाव निराळे. हे वर्ध्याजवळचे सुमारे सहाशे वस्तीचे लहान गाव. येथील बहुतेक लोक हरिजन, म्हणजे आज आपण ज्यांना दलित म्हणतो ते होते. गावाची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. गावाला धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल होई की बैलगाडीही रुतून बसे. १९३५ च्या अखेरीस मीराबेन तेथे राहायला गेल्या. पाठोपाठ ३० एप्रिल १९३६ रोजी स्वतः गांधीजी मगनवाडीहून पायी चालत शेगावला पोहोचले. पुढे दोन्ही शेगावांच्या टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.

गांधीजींसाठी जे पहिले घर बांधले गेले, त्याला आता आदिनिवास म्हणतात. खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, अशी गांधीजींची सूचना होती. प्रत्यक्षात खर्च त्याहून बराच जास्त झाला. घर बांधणाऱ्याला हा अनुभव नवा नाही! सामान आणि कारागीर मात्र जवळपासच्या खेड्यांतलेच होते. या आदिनिवासात एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा, पाहुणे आणि आजारी माणसे असे सारे एकत्र राहत. गर्दी वाढतच गेली.

मीराबेननी आपल्यासाठी वेगळी कुटी बांधली होती. घर कसे बांधायचे हे त्या शेगावच्या शेतकऱ्यांची घरे पाहून शिकल्या. भिंती बांबू आणि मातीच्या, वर कवेलू, भोवती पडवी. हवा खेळती राहील आणि उजेड आत येईल, याकडे त्यांनी लक्ष दिले. मग ओल्या मातीतच त्यांनी भिंतीवर चित्रे उठवली : ताडाची झाडे, चरखा, मोर. रंग नाही, की सोनेरी वेल नाही. मातीवर मातीचेच चित्र! मला तर हीच या घराची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. लहानपणी ज्या मुलीच्या कानात बीथोव्हन घुमत होता, तिचे कलावंत मन शेगावच्या मातीतून बोलले. आदिनिवासातील गर्दी फारच झाली तेव्हा गांधीजी या कुटीत राहायला आले. गरजेप्रमाणे ती वाढवली गेली आणि मीराबेनचे घर बापूकुटी झाले.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजींना अटक झाली. मीराबेनही पकडल्या गेल्या. पुण्याच्या आगाखान महालात त्यांना गांधीजींबरोबर ठेवले होते. तेथे आधी महादेवभाई देसाई आणि मग कस्तुरबा वारल्या. दोन्ही मृत्यू मीराबेननी जवळून पाहिले. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्या उत्तरेकडे गेल्या. रुडकीजवळ आणि नंतर ऋषिकेशजवळ त्यांनी शेतकऱ्यांसाठी व गुरांसाठी काम सुरू केले. हिमालयात बांजाची झाडे कमी होऊन चीडची झाडे वाढत आहेत, त्यामुळे डोंगरात पाणी मुरत नाही आणि खाली पूर येतात, हे त्यांनी पन्नास सालानंतरच्या काळात लिहून दाखवले. त्या वेळी फार थोड्यांनी ते मनावर घेतले. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या खेड्यात त्या बीथोव्हनच्या सहवासात राहिल्या, असेच म्हणावे लागेल. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा सन्मान दिला. २० जुलै १९८२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

इकडे त्यांच्या मातीच्या घराचे काय झाले? गांधीजी ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्रामहून गेले. ते परत येणार होते, पण ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद, विनोबा भावे आणि इतर अनेक जण सेवाग्रामात जमले. पुढे काम कसे करायचे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. कार्यकर्त्यांपुढे आणखी एक साधा, रोजचा प्रश्न होता. मालकच नसलेले मातीचे घर किती दिवस टिकणार?

दगडी किल्ल्याकडे दहा वर्षे कोणी पाहिले नाही तरी तो उभा राहतो. मातीच्या घराचे तसे नाही. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की भिंत खाली बसते. वाळवी बांबू पोखरते. माकडांच्या उड्यांनी कवेलू फुटतात आणि एका फुटक्या कवेलूतून गळणारे पाणी आख्खा कोपरा भिजवते. म्हणून उन्हाळ्यातच कवेलू फेरावे लागतात. भिंती मातीने लिंपाव्या लागतात, जमीन शेणाने सारवावी लागते. सिमेंट लावून एकदाची कटकट मिटवू, असे कोणालाही वाटेल. पण सिमेंटच्या थराआड ओल अडकते आणि आतली माती कुजून सुटते. असे घर मातीनेच जपावे लागते, आणि दरवर्षी जपावे लागते.

हे काम सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठानचे कार्यकर्ते आणि गावातील कारागीर करत आले आहेत. बापूकुटीत गांधीजींची बैठक आहे. आश्रमात व्हाइसरॉयशी बोलता यावे म्हणून बसवलेला दूरध्वनी आहे. साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी वापरलेला चिमटा आणि पिंजरा आहे. १९७८ मध्ये युरोपातील विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसून गेले आणि तिच्यावर त्यांनी व्याख्यान दिले. मोकळ्या मैदानात सकाळ-संध्याकाळ सर्वधर्मप्रार्थना होते. तिच्यात कुरआनातील आयतीही म्हटल्या जातात. ही प्रथा रैहाना तय्यबजी यांच्यामुळे गांधीजींच्या प्रार्थनेत आली. ही प्रार्थनाही त्या घरांइतकीच जपली गेली आहे.

राखणीत खंडही पडला आहे. गांधीजींचा एक चष्मा आश्रमातून चोरीला गेला आणि ती गोष्ट २०११ मध्ये उघड झाली, तेव्हा साऱ्या देशाला हळहळ वाटली. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली. तेव्हा वर्ध्यातील नागरिक रस्त्यावर आले आणि त्यांनी विरोध केला. ज्या रस्त्याने सेवाग्रामला जायचे, त्यावरची सावलीही त्या वारशाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मीराबेनच्या चित्रांची काळजी मात्र वेगळीच घ्यावी लागते. मातीच्या चित्रावर मातीचा नवा थर बसला की कडा बोथट होतात. थर दिलाच नाही तर चित्र झडून जाते. म्हणून ताडाच्या पानाजवळ आणि मोराच्या पिसाऱ्याजवळ आले की लिंपणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागतो. तेथे बोटाने, थोडी थोडी माती घेऊन, तिने काढलेल्या रेषेवरूनच पुढे जावे लागते.