आचरणाची कसोटी लावणारे बिशप अझरिया

चेन्नई, १७ ऑगस्ट : ख्रिस्ती माणसाच्या उपदेशाची परीक्षा त्याच्या वागणुकीवरून व्हावी, हा आग्रह आयुष्यभर धरणारे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांची आज जयंती. परदेशी मिशनऱ्यांतील वर्णाभिमान आणि भारतीय ख्रिस्ती समाजातील जातिभेद या दोन्ही विसंगतींवर त्यांनी सारख्याच परखडपणे बोट ठेवले.

तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेल्लालनविळै या गावी १८७४ साली त्यांचा जन्म झाला. वडील गावचे धर्मगुरू होते. उच्च शिक्षणासाठी ते चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला आले आणि मद्रास ख्रिश्चन कॉलेजात दाखल झाले. पदवी हाती आली नाही. मात्र १८९५ पासून वायएमसीएचे सचिव म्हणून त्यांनी दक्षिण भारत पालथा घातला.

१९०२ साली ते श्रीलंकेतील जाफना येथे गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या खर्चाने भारतात धर्मकार्य चालवीत होते. तिरुनेलवेलीचे चर्च त्याहून मोठे आणि जुने. पण परदेशी पैशावर आणि मनुष्यबळावर विसंबून राहिलेले. ही लाज त्यांना बोचली. पुढच्याच वर्षी भारतीयांच्या पैशाने व भारतीयांच्या नेतृत्वाखाली चालणारी इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली. १९०९ मध्ये सचिवपद सोडून अझरिया स्वतः निजामाच्या राज्यातील दोर्नकल या मागास भागात धर्मसेवेसाठी गेले. त्या वेळी त्यांची पस्तिशी उलटत होती.

१९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेतील त्यांचे भाषण विशेष गाजले. सुमारे १,२०० प्रतिनिधींत आशियाई मोजकेच होते. मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल अझरिया यांनी कृतज्ञता व्यक्त केली. पण बंधुत्वाचा उपदेश करणारे हे लोक भारतीय सहकाऱ्यांना बरोबरीने वागवीत नाहीत, घरी बोलावून पंक्तीला बसवीत नाहीत, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडले. भारतीयांना उपकारकर्ते नकोत, मित्र हवेत, असा त्यांच्या मागणीचा आशय होता. अनेकांना हे बोल झोंबले. त्याच सुमारास महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक हेही मिशनच्या चौकटीत घुसमटत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली.

मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांनी मात्र अझरिया यांच्यावरचा विश्वास ढळू दिला नाही. युरोपीय मिशनऱ्यांबरोबरच काही भारतीय ख्रिस्ती लोकांचाही विरोध असताना २९ डिसेंबर १९१२ रोजी कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अझरिया यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली.

दोर्नकलमध्ये त्यांच्या कसोटीचा रोख स्वकीयांकडे वळला. तेथील नवख्रिस्ती प्रामुख्याने माला आणि मादिगा या दलित जातींतील होते आणि या दोन जाती एकमेकींपासून फटकून राहत. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्यांनी घरी परतल्यावर विटाळ पाळावा, हे अझरिया यांना मान्य नव्हते. बैलगाडीने गावोगाव फिरून त्यांनी व्यसनमुक्ती, स्वच्छता, साक्षरता आणि जातिनिर्मूलन यांवर भर दिला. हिंदू, इस्लामी आणि ख्रिस्ती शैलींचा मेळ घालणारे दोर्नकलचे कॅथेड्रल १९३९ मध्ये पूर्ण झाले.

धर्मांतराच्या प्रश्नावर महात्मा गांधींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. प्रलोभनाने होणारी धर्मांतरे हा गांधींचा आक्षेप होता, तर बदललेले जीवन हाच श्रद्धेचा पुरावा, अशी अझरिया यांची भूमिका होती. त्याच वेळी ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघांना त्यांनी विरोध केला. धर्माचा वापर राजकीय लाभासाठी होऊ नये, असे त्यांचे मत होते.

पंथापंथांत विभागलेल्या चर्चने प्रेमाचा संदेश द्यावा, ही विसंगतीही त्यांना सलत होती. १९१९ च्या तरंगमबाडी परिषदेपासून त्यांनी चर्चच्या एकीकरणासाठी प्रयत्न केले. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर २७ सप्टेंबर १९४७ रोजी चेन्नईच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि अन्य मंडळी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. पंथांतील भिंती त्या दिवशी पडल्या. जातीची भिंत मात्र अनेक ठिकाणी अजून उभी आहे आणि दलित ख्रिस्ती समाज आजही समान वागणुकीची मागणी करीत आहे.