जेन अॅडम्स : शेजारधर्माचा आदर्श

परोपकाराची बुद्धि पुष्कळांच्या ठायीं असते. परंतु ज्यास साह्य करावयाचें त्याचें घर, त्याची अडचण व त्याचा स्वभाव जाणून घेण्याचे श्रम फार थोडे लोक करितात. हे श्रम ज्यांनीं जन्मभर केले, अशा थोर व्यक्तींत अमेरिकेंतील जेन अॅडम्सबाईंची गणना होते.

बाईंचा जन्म ता. ६ सप्टेंबर १८६० रोजीं इलिनॉय संस्थानांतील सीडरव्हिल या गांवीं झाला. वडील गिरणीचे मालक, संस्थानच्या सेनेटचे सभासद व अब्राहम लिंकन यांचे स्नेही होते. बाई अवघ्या दोन वर्षांच्या असतांना त्यांची आई वारली. बालपणीं कण्यास क्षय झाल्यामुळें त्यांची पाठ किंचित् वांकडी राहिली. १८८१ सालीं रॉकफर्ड येथील शिक्षण संपलें व त्याच वर्षीं पित्याचें छत्रही नाहींसें झालें. वैद्यकीचा अभ्यास दुखण्यामुळें सोडावा लागला. विद्या आहे, द्रव्य आहे, पण हातीं कार्य नाहीं, अशा उदास स्थितींत कांहीं वर्षें गेलीं. पुढें १८८८ सालीं त्यांनीं लंडनमधील टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली. विद्यापीठांत शिकलेले तरुण तेथें गरिबांच्या वस्तींत त्यांचे शेजारी होऊन राहत असत. तें पाहून बाईंना आपला मार्ग सांपडला.

ता. १८ सप्टेंबर १८८९ रोजीं बाई व त्यांची मैत्रीण एलेन स्टार या शिकागो शहरांत हॉल्स्टेड रस्त्यावरील हल हाउस नांवाच्या जुन्या वाड्यांत राहावयास गेल्या. सभोंवार इटालियन, जर्मन, ग्रीक, आयरिश, रशियन ज्यू अशा नाना देशांच्या मजुरांची दाटी होती. तेथें त्यांना प्रथम जीं तीन अपंग मुलें भेटलीं, त्यांची कथा ऐकून कोणाचेंही हृदय द्रवेल. एक मूल तिसऱ्या मजल्याच्या खिडकींतून पडलेलें, दुसरें भाजलेलें, आणि तिसऱ्यास दिवसभर स्वयंपाकघरांतील टेबलाच्या पायास बांधून ठेवीत, म्हणून त्याची पाठ वांकलेली. आया निर्दय नव्हत्या. पोटासाठीं त्यांना कामावर जावें लागे. बाईंनीं मातांस दोष दिला नाहीं. त्यांनीं तान्ह्या मुलांसाठीं संगोपनगृह काढलें. बालोद्यानवर्ग, स्नानगृह, क्रीडांगण हीं कामेंही अशाच एकेका निकडींतून उभीं राहिलीं.

मात्र ही समज त्यांना सहज आली नाहीं. १८९३ च्या मंदीच्या हिवाळ्यांत काम सुटलेला एक कारकून मदत मागावयास आला. शक्य असेल तें काम केल्याखेरीज मदत द्यावयाची नाहीं, या दानसंस्थांच्या नियमास अनुसरून बाईंनीं त्यास कालव्याच्या खोदकामावर जाण्यास सांगितलें. आपणांस उघड्यावरील काम थंडींत सोसणार नाहीं, असें त्यानें कळविलें. तरी नियम ढळला नाहीं. तो दोन दिवस कामावर गेला, त्यास न्यूमोनिया झाला व आठवड्याभरांत तो मरण पावला. त्याच्या दोन मुलांची विचारपूस बाईंनीं पुढें कधीं सोडली नाहीं. माणसाची सर्व परिस्थिति जाणल्यावांचून केलेला उपकार अपकारही होऊं शकतो, हा धडा त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

शहरांत इस्पितळें होतीं, अनाथालयें होतीं, सरकारी कचेऱ्याही होत्या. पण ज्यांस त्यांची गरज, त्यांना बहुधा त्या ऐकीव गोष्टीच वाटत. भाषा कळेना, दार सांपडेना. नवऱ्यानें टाकलेल्या स्त्रीस पोटगी, विधवेस विम्याचे पैसे, यंत्रांत जखमी झालेल्या मजुरास भरपाई मिळवून देण्यांत हल हाउसच्या मंडळींचे तासचे तास जात. संस्था एकीकडे व कुटुंब दुसरीकडे; या दोहोंमधील पूल म्हणजे हल हाउस. गल्ल्यांतील कचऱ्यानें मुलें आजारी पडतात असें दिसतांच बाईंनीं १८९५ सालीं कचरा-तपासनिसाची जागा पत्करली व पहांटे उठून त्या गाड्यांमागें फिरूं लागल्या. विद्येचा व कुळाचा त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

बालगुन्हेगारांस प्रौढ कैद्यांबरोबर कोंडूं नये, म्हणून त्यांनीं व त्यांच्या सहकारिणींनीं खटपट केली, आणि १८९९ सालीं शिकागोंत अमेरिकेंतील पहिलें बालन्यायालय स्थापन झालें. मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांस सरकारी वेतन नव्हतें. तें स्त्रियांच्या एका समितीनें वर्गणी करून दिलें. हल हाउसमधील सहकारिणी ज्यूलिया लॅथ्रॉप या १९१२ सालीं राष्ट्रीय बालविभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या.

महायुद्धाच्या काळांत शांततेचा पुरस्कार केल्यामुळें बाईंवर स्वदेशांतच निंदेचा वर्षाव झाला. तरी त्या डगमगल्या नाहींत. १९३१ सालीं त्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. ता. २१ मे १९३५ रोजीं शिकागो येथें त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थ्यांनो, आपल्या वर्गांतील एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहतो, तेव्हां त्यास आळशी ठरविणें सोपें असतें. त्याच्या घरीं जाऊन कारण विचारणें कठीण. आईबापांनीं व मुलांनीं या चरित्रांतून एवढी एक कठीण गोष्ट उचलली, तरी तें वाचल्याचें सार्थक होईल.