रद्दीत जाणारी दप्तरं वाचवणारा माणूस: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे

घर आवरताना माळ्यावर जुन्या कागदांचं गाठोडं सापडलं, तर आपण काय करतो? बहुतेकदा ते रद्दीत जातं. सव्वाशे वर्षांपूर्वीही हेच होत होतं. फरक इतकाच, की त्या गाठोड्यांमध्ये मराठ्यांचा इतिहास होता आणि तो वाचवायला एक माणूस गावोगाव फिरत होता. त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकी केली. तरुणपणीच पत्नी वारली, त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढचं सगळं आयुष्य जुन्या कागदांना दिलं.

घरोघरी का जावं लागलं?

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. तिथे सहजासहजी कुणाला प्रवेश नव्हता. तोवर मराठ्यांचा इतिहास सांगितला जायचा तो मुख्यतः ग्रँट डफच्या ग्रंथातून आणि बखरींमधून. बखरी बऱ्याचदा घटना घडून गेल्यावर अनेक वर्षांनी लिहिलेल्या. राजवाड्यांचं म्हणणं सरळ होतं: त्या त्या वेळी लिहिलेलं अस्सल पत्र हाच खरा पुरावा. आणि अशी पत्रं सरदार, कारकून, सावकार, देशमुख-देशपांडे यांच्या वाड्यांत पडून होती.

हे कागद मोडी लिपीत असत. ते कापडात गुंडाळून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. त्यात काय नसे? खासगी पत्रं, जमाखर्च, कर्जरोखे, वतनाचे निवाडे, महजर. महजर म्हणजे गावसभेत झालेल्या निर्णयाचा कागद. त्यावर पाटील सहीऐवजी नांगराची निशाणी करी. राजांच्या लढायांसोबत गावातलं रोजचं जगणंही या कागदांत होतं.

पण मालक कागद दाखवायला बिचकत. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून अनेकांची इनामं तपासली होती. कागद बाहेर गेला तर जमीन जाईल, ही भीती होती. दुसरीकडे वाळवी, पाऊस आणि मोडी न येणारी नवी पिढी. उशीर झाला असता, तर पुरावाच उरला नसता.

२२ खंड

वाईत मिळालेल्या पत्रांवरून १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या मोहिमेपर्यंतची पत्रं होती. पानिपतावर नेमकं काय बिघडलं, रसद आणि पैसा कसा अडला, हे त्या वेळच्या पत्रांतून वाचता येऊ लागलं. अशा खंडांची संख्या पुढे २२ झाली. जुन्या पोथ्या शोधताना ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रतही त्यांच्या हाती लागली, ती त्यांनी छापली.

एकट्याने हे काम पुरं होणार नाही, हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. मात्र स्वभाव तापट, मतं टोकाची. मंडळाशीही पुढे बिनसलं. व्युत्पत्तीबद्दलचे त्यांचे काही तर्क आणि सामाजिक मतं नंतरच्या अभ्यासकांनी खोडूनही काढली. तरीही त्यांनी छापलेले कागद आजचे अभ्यासक वापरतात, त्यांचे निष्कर्ष न पटणारेसुद्धा.

शेवट धुळ्यात

अखेरच्या काळात राजवाडे धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. मागे संसार नव्हता, होती ती दप्तरं. ती विखुरली असती, तर आयुष्यभराची पायपीट पुन्हा रद्दीच्या वाटेला लागली असती. पण धुळेकरांनी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं आणि त्यांचा संग्रह गावातच जपला.

तेव्हा पुढच्या वेळी माळ्यावर असं गाठोडं सापडलं, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी नक्की दाखवा.