न्या. रानडे यांचे फिरते न्यायासन
माधवराव रानडे (१८४२–१९०१) म्हटले की प्रार्थनासमाज आठवतो. कनिष्ठ कोर्टांची दप्तरे तपासणारे रानडे सहसा आठवत नाहीत. १८७९ साली सरकारने संशयापोटी धुळ्यास धाडलेल्या याच न्यायाधीशाला १८८१ मध्ये दख्खन शेतकरी कायद्याच्या खास कामावर नेमावे लागले. सावकाराच्या रोख्यामागचा सारा व्यवहार उकलण्याची मुभा या कायद्याने कोर्टांना दिली होती. निकालावर अपील मात्र नव्हते. चूक सुधारायची ती अशा तपासणीतच. मध्यंतरी लघुवाद न्यायालयात काम करून १८८७ मध्ये ते खास न्यायाधीश झाले व १८९३ मध्ये हायकोर्टात जाईपर्यंत पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत हिंडले. मध्य प्रांतातील पांढुर्णा-सौसरच्या कर्जदार कुणब्यास हे फिरते न्यायासन लाभले नाही.