थिओडोर बोव्हेरी
(१८६२–१९१५)

कर्करोगाचें नांव ऐकतांच अंगावर कांटा उभा राहतो. जन्मभर आपल्या मर्यादेनें वागणाऱ्या पेशींपैकीं एखादी एकाएकीं बेबंद होऊन कां वाढूं लागते, हें कोडें कैक पिढ्यांस सुटलें नव्हतें. त्याच्या उत्तराची दिशा ज्यांनीं फार पूर्वीं दाखविली, त्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचें अल्प चरित्र आम्ही येथें विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

थिओडोर बोव्हेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजीं बव्हेरिया प्रांतांतील बांबेर्ग या गांवीं झाला. म्यूनिक येथें त्यांनीं प्रथम इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेतले. परंतु लवकरच त्यांचें मन सृष्टिशास्त्राकडे वळलें. १८९३ सालीं ते वुर्झबुर्गच्या विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेंच राहिले. १८९७ सालीं मार्सेला ओ’ग्रेडी या अमेरिकन विदुषीशीं त्यांचा विवाह झाला. ही बाई संशोधनांतही त्यांची सहचरी ठरली.

पेशीच्या गर्भांत सूत्रासारखे सूक्ष्म तुकडे असतात, त्यांस गुणसूत्रें म्हणतात. सी-अर्चिन नांवाच्या कांटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांत कधीं कधीं एकाऐवजीं दोन शुक्रजंतु शिरतात. असें अंडें एकदम चार पेशींत फुटतें, आणि गुणसूत्रांची वांटणी वेडीवांकडी होते. या पेशींपासून होणारीं बहुतेक पिलें विकृत होतात किंवा मरतात, असें बोव्हेरी यांस आढळलें. त्यावरून प्रत्येक गुणसूत्राचें काम निराळें आहे, आणि पेशीच्या आरोग्यास त्यांचा पूर्ण संच लागतो, असा सिद्धांत त्यांनीं १९०२ सालीं मांडला.

येथूनच त्यांचा विचार कर्करोगाकडे वळला. वांटणींतील अशाच चुकीनें मनुष्याच्या पेशीनें, वाढीस आवर घालणारें गुणसूत्रच गमावलें तर? मग ती पेशी विभागतच राहील, व त्या एका पेशीपासून सबंध गांठ वाढेल. हा तर्क त्यांनीं १९१४ सालीं एका लहानशा पुस्तकांत मांडला. कर्करोगाच्या गांठींचा आपणांस स्वतःचा अनुभव फारसा नाहीं, हें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें. वैद्यांनीं पुस्तकाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. बोव्हेरींची प्रकृति तर आधींच ढासळली होती. बर्लिन येथील नव्या संशोधनसंस्थेचें संचालकपद त्यांनीं त्यामुळेंच नाकारलें होतें. १५ ऑक्टोबर १९१५ रोजीं, महायुद्ध चालूं असतांना, त्रेपन्नाव्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनीं त्यांचें देहावसान झालें. आपला तर्क खरा कीं खोटा, हें त्यांस कळलें नाहीं. पत्नीनें मात्र १९२९ सालीं तें पुस्तक इंग्रजींत आणून जगापुढें ठेविलें.

पुरावा यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाचा अभ्यास करून अमेरिकेचे डॉक्टर नडसन यांनीं १९७१ सालीं असें अनुमान काढलें कीं, एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे तो रोग होतो. १९८६ सालीं तें जनुक हातीं लागलें. त्यापासून होणारें प्रथिन पेशीस विभाजनाच्या उंबरठ्यावर थोपवून धरतें, आणि योग्य इशारा मिळाल्यावरच पुढें जाऊं देतें. पी-५३ नांवाचें दुसरें प्रथिन पेशींतील जनुकद्रव्यास इजा झाल्यास विभाजन थांबवितें. इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल तर त्या पेशीस मरणास लावितें. मनुष्याच्या सुमारें निम्म्या कर्करोगांत पी-५३ चें जनुक बिघडलेलें आढळतें. बोव्हेरी यांनीं कल्पिलेला आवर तो हाच.

विद्यार्थिमित्रहो, घोड्याला लगाम आणि पेशीला आवर. तो सुटला कीं बळच घातक होतें. हें सत्य बोव्हेरींस एका क्षुद्र जीवाच्या अंड्यांत दिसलें, कारण त्यांनीं कोणतीही वस्तु क्षुद्र मानिली नाहीं. आपण लाविलेल्या झाडाचें फळ आपणांस न मिळालें, तरी झाड लावणें व्यर्थ जात नाहीं, एवढें या चरित्रापासून आपण घेतलें तरी पुष्कळ झालें.