राजकवी तांबे आणि त्यांची गाणी

लग्नघरी हमखास वाजणारे 'नववधू' हे गीत ज्यांच्या कानी कधी पडले नाही, असे मराठी कुटुंब आमच्या मंडळात शोधूनही सापडणार नाही. परंतु ते रचणारे भास्कर रामचंद्र तांबे यांचे अवघे आयुष्य महाराष्ट्राबाहेर गेले, हे आमच्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी असते.

ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली हे त्यांचे जन्मगाव. शिक्षण झाशी व देवास येथे झाले. घरची परिस्थिती बेताची, म्हणून पुढील शिक्षण अपुरे राहिले आणि देवासच्या दरबारात राजपुत्राचे शिक्षक म्हणून त्यांनी चाकरी धरली. नंतर माळव्यातील व राजपुतान्यातील संस्थानांत नोकरीनिमित्त फिरती झाली. अखेरीस ते ग्वाल्हेरीस राहिले व तेथील राजकवी झाले. बाजारात हिंदी, दरबारात उर्दूची अदब आणि घरात मराठी, ही आमच्यासारख्यांना परिचित असलेली स्थिती त्यांनी जन्मभर अनुभवली. तिचे त्यांनी रडगाणे केले नाही. उलट ग्वाल्हेरचे ख्यालगायन, ठुमरी व गझल यांचे संस्कार घेऊन मराठी कविता त्यांनी गाती केली. त्यांच्या कित्येक कवितांवर रागाचे नाव छापलेले आढळते, ते शोभेसाठी नव्हे.

स्वतःच्या कविता छापून प्रसिद्ध करण्याची त्यांना घाई नव्हती. वा. गो. मायदेव यांनी 1920 साली पहिला संग्रह काढला आणि 1935 साली माधव जूलियन यांनी समग्र कविता संपादिली. या दोघांचे ऋण मोठे आहे.

आता 'नववधू'कडे वळू. प्रियकराचाच ध्यास घेतलेली मुलगी प्रत्यक्ष बोलावणे येताच बिचकते, माहेर सोडवत नाही, एवढाच अर्थ घेऊन आपण ते पाठवणीच्या वेळी लावतो. शेवटचे कडवे मात्र लक्षपूर्वक ऐकावे. तेथे ती सासर हेच खरे घर म्हणते आणि डोळ्यांतील पाणी क्षणाचेच ठरवते. माहेर म्हणजे हा संसार, प्रियकर म्हणजे परमेश्वर आणि बोलावणे मृत्यूचे, असा अर्थ मग उलगडतो. हे समजल्यावर गीत लग्नात लावू नये काय? आमच्या मते अवश्य लावावे. लेकीला निरोप देणाऱ्या आईला त्यातला दुसरा अर्थही अंतरी कळतच असतो.

'रिकामे मधुघट' या गीताचेही असेच. लता मंगेशकरांच्या गोड स्वरामुळे ते प्रेमिकांचा रुसवा-फुगवा वाटते. वस्तुतः उतारवयातील कवीपाशी रसिक जुनीच शृंगारगीते मागतो आहे. कवी विनवतो की, पूर्वी कमळाच्या द्रोणातून भरभरून पाजले, ते आठवून रागावू नकोस. आता नैवेद्यापुरती दुधाची वाटी आणि देवपूजेसाठी अंगणात राखलेली कोरांटी एवढेच उरले आहे. एखाद्या कलावंताने आपली ओहोटी इतक्या शालीनतेने कबूल केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस सहसा आठवत नाही.

मावळत्या सूर्याला अर्घ्य देणारे त्यांचे गीत याच वळणाचे आहे. जग उगवत्याला वंदन करते. हा कवी अस्ताला जाणाऱ्यापुढे हात जोडून उभा राहतो. ग्वाल्हेरातील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी वाटसरूस थांबवून दोन आसवे मागणारी त्यांची कविता तर पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी म्हटली. राणीचे माहेरचे आडनावही तांबेच होते.

7 डिसेंबर 1941 रोजी ग्वाल्हेरीस त्यांचे निधन झाले. गोमंतकाचे बा. भ. बोरकर त्यांना गुरुस्थानी मानीत. वसंत प्रभूंनी 'नववधू' व 'रिकामे मधुघट' यांना, तर हृदयनाथ मंगेशकरांनी सूर्यास्ताच्या गीताला चाल दिली, ती पुढे कैक वर्षांनी. तांब्यांना यातले काहीच ऐकावयास मिळाले नाही. ही गाणी घराघरांत पोहोचविणारी गायिका त्यांच्याच माळव्यात, इंदुरात, 1929 साली जन्मली होती. ते गेले तेव्हा ती अवघी बारा वर्षांची होती.